घरचा डीव्हीडी रेकॉर्डर आणि आवाजाचं रेकॉर्डिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या कितीतरी घरांत माळ्यावर कॅसेटची खोकी आहेत. आजोबांचं कीर्तन, आकाशवाणीवरून टेप केलेलं गाणं, सोसायटीच्या गणपतीत आईने म्हटलेलं नाट्यगीत, मुंजीची व्हीएचएस. त्याच घरांत टीव्हीखाली एक डीव्हीडी रेकॉर्डरही पडून असतो. ‘याच्यावर त्या टेप उतरवता येतील का?’ ही विचारणा सतत येते आणि तिच्या मागोमाग बाकीचे प्रश्न. ते इथे एकत्र केले आहेत. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डीव्हीडी रेकॉर्डरवर चित्राशिवाय नुसता आवाज रेकॉर्ड करता येतो का?

नुसता आवाज नाही येत. घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर डिस्कवर जे लिहितो ते डीव्हीडी-व्हिडिओ असतं, म्हणजे चित्र हवंच. मागच्या लाल-पांढऱ्या ऑडिओ पिना जोडून चित्राची पिवळी मोकळी ठेवलीत, तरी बहुतेक यंत्रं काळं किंवा निळं चित्र लिहीत राहतात आणि आवाज त्याच्यासोबत उतरतो. ऐकायला त्याने काही बिघडत नाही.

पण काही यंत्रं ‘सिग्नल नाही’ म्हणून रेकॉर्डिंग मध्येच थांबवतात. अशा वेळी पिवळ्या पिनेत कसलंही स्थिर चित्र द्या. हँडीकॅम लेन्सचं झाकण लावून चालू ठेवला तरी चालतो. मी स्वतः कॅसेटच्या वेष्टनाचा, त्यावरच्या हस्ताक्षरासकट, फोटो चित्र म्हणून देते. पुढे कधीही डिस्क लावली की कोणाचं गाणं आणि कुठल्या साली झालेलं, ते पडद्यावरच दिसतं.

२. डिस्कवर आवाज नेमका कोणत्या स्वरूपात साठतो?

दोनपैकी एका. पहिलं डॉल्बी डिजिटल, म्हणजे दाबून लहान केलेला आवाज. घरच्या रेकॉर्डरमध्ये त्याचा बिटरेट साधारण १९२ किंवा २५६ किलोबिट प्रति सेकंद असतो. दुसरं लिनिअर पीसीएम. त्यात काहीच दाबलेलं नसतं, ४८ किलोहर्ट्झ आणि १६ बिट, दोन चॅनल मिळून १५३६ किलोबिट प्रति सेकंद. ऑडिओ सीडीवर ४४.१ किलोहर्ट्झ असतं, तेव्हा पीसीएमवर उतरवलेला आवाज सीडीच्या तोडीचा असतो.

तासाचा हिशोब केला तर २५६ चं डॉल्बी सुमारे ११५ एमबी घेतं आणि पीसीएम सुमारे ६९० एमबी. डीव्हीडीच्या नियमात ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटपर्यंतचं पीसीएमसुद्धा बसतं, पण ती सोय घरच्या रेकॉर्डरमध्ये दिलेली नसते. खोक्यावर ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ छापलेलं असेल तर ते आवाज बाहेर काढणाऱ्या भागाबद्दल असतं. रेकॉर्डिंगशी त्याचा संबंध नाही.

३. माझ्या रेकॉर्डरच्या मेनूत पीसीएम दिसतच नाही. बिघडलाय का?

बिघडलेला नाही. ज्या यंत्रांत पीसीएम आहे, त्यांतही ते फक्त एक्सपी मोडमध्ये, म्हणजे एका डिस्कवर एक तास, एवढंच चालतं. एसपी, एलपी, ईपी निवडलं की यंत्र आपोआप डॉल्बीवर येतं. सेटअप मेनूत ऑडिओच्या पानावर ‘एक्सपीसाठी ऑडिओ मोड’ अशा अर्थाची ओळ शोधा आणि ती आधी बदलून घ्या. कारखान्यातून येताना ती बहुधा डॉल्बीवरच असते. डीव्हीडी प्लस गटातल्या, म्हणजे ‘+आर’, ‘+आरडब्ल्यू’ डिस्क घेणाऱ्या, बऱ्याच यंत्रांत ही सोयच नाही. तिथे प्रश्न ५ मधला दुसरा भाग वाचा.

४. एका डिस्कवर किती वेळ मावतो? नव्वद मिनिटांची कॅसेट बसेल का?

४.७ जीबीच्या साध्या डिस्कवर एक्सपीमध्ये १ तास, एसपीमध्ये २, एलपीमध्ये ४, आणि ईपीमध्ये ६ किंवा ८ तास. मोड बदलला की मुख्यतः चित्राची प्रत घसरते, डॉल्बीचा आवाज बराचसा तसाच राहतो. अगदी लांबच्या मोडमध्ये मात्र आवाजालाही कात्री लागते. सहा तासांच्या ईपीचा आवाज आठ तासांच्या ईपीपेक्षा चांगला असतो, असं काही यंत्रांच्या माहितीपुस्तिकेतच छापलेलं आहे.

साठ मिनिटांची कॅसेट एक्सपीमध्ये जेमतेम बसते. जेमतेम अशासाठी, की कॅसेटमध्ये टेप थोडी जास्तच भरलेली असते. शेवटची भैरवी कापली गेली तर वाईट वाटतं, म्हणून दुसरी डिस्क हाताशी ठेवा. नव्वदची कॅसेट एक्सपीमध्ये एका डिस्कवर मावत नाही. एक बाजू एका डिस्कवर, दुसरी दुसरीवर, हा सरळ मार्ग. यंत्र ८.५ जीबीची ड्युअल लेअर डिस्क घेत असेल तर एक्सपीमध्ये सुमारे पावणेदोन तास मिळतात. आणि आत हार्ड डिस्क असलेला रेकॉर्डर असेल तर ही कटकटच नाही.

अजून एक गोष्ट. रेकॉर्डचं बटण दर वेळी दाबल्यावर नवा ‘टायटल’ सुरू होतो आणि दोन टायटलच्या मध्ये वाजवताना खंड पडतो. म्हणून ख्याल चालू असताना थांबवू नका, बाजू संपल्यावरच थांबवा.

५. मग डॉल्बी निवडायचं की पीसीएम?

गाणं असेल आणि यंत्रात सोय असेल तर पीसीएम, याबद्दल माझं मत ठाम आहे. तानपुऱ्याची जवारी, झांजेची किणकिण, तबल्याच्या चाटेवरचा बोल, हे सगळं वरच्या पट्टीतलं बारीक काम असतं आणि आवाज दाबताना पहिली काटछाट तिथेच होते. दुसरं कारण त्याहून मोठं. ही डिस्क शेवटची नसते. पुढे कोणीतरी तिच्यातून खरखर काढणार, तुकडे करणार, एमपीथ्री करून नातेवाइकांना पाठवणार. एकदा दाबलेला आवाज पुन्हा दाबला की उरलेलंही जातं.

कीर्तन, भाषण, आजीने सांगितलेल्या आठवणी, लग्नातली बोलणी यांना २५६ चं डॉल्बी पुरेसं आहे. त्याने शब्द हरवत नाहीत. तुमच्या यंत्रात फक्त डॉल्बीच असेल तर त्यासाठी नवं यंत्र शोधत बसू नका. प्रश्न ८ मध्ये सांगितलेलं हेडचं काम केलंत, तर डॉल्बीवर उतरवलेली टेपही हेड न जुळवता पीसीएमवर घेतलेल्या टेपपेक्षा चांगली वाजेल.

६. होम थिएटरसारखा ५.१ आवाज रेकॉर्ड होतो का?

होत नाही. आत यायला दोनच पिना आहेत, डावी आणि उजवी. सेट टॉप बॉक्सवर ५.१ चं चित्रपट-प्रक्षेपण चालू असलं, तरी रेकॉर्डरला त्याचं स्टीरिओच मिळतं. मागे दिसणारी ऑप्टिकल किंवा कोअॅक्सिअल जागा बहुतेक यंत्रांत फक्त बाहेर जाण्यासाठी असते. तिथे काही जोडून आत पाठवता येत नाही. बाजारातली ५.१ ची डीव्हीडी मात्र हाच रेकॉर्डर व्यवस्थित वाजवतो आणि तिचा आवाज अँप्लिफायरला देतो. वाजवण्याची क्षमता पाहून रेकॉर्डिंगचा अंदाज बांधला, की अशी फसगत होते.

७. आवाज फार बारीक रेकॉर्ड होतो किंवा फाटतो. लेव्हलचं बटण कुठे आहे?

बहुतेक घरगुती रेकॉर्डरवर ते नाहीच. लेव्हल दाखवणारा मीटरही नाही. आत येईल तो आवाज यंत्र तसाच घेतं, त्यामुळे लेव्हल बाहेरच सांभाळावी लागते.

कॅसेट डेकच्या ‘लाइन आउट’मधून घेतलं तर आवाज क्वचितच फाटतो, झाला तर थोडा बारीक होतो. बारीक परवडतो, तो नंतर कॉम्प्युटरवर वाढवता येतो. फाटलेला दुरुस्त होत नाही. तुमच्याकडे टू-इन-वन असेल आणि त्याला लाइन आउट नसेल, तर हेडफोनच्या भोकातून घ्या, आवाज साधारण एक तृतीयांशावर ठेवा, बास-ट्रेबल मध्यावर. स्पीकरच्या वायरीतून कधीच घेऊ नका, रेकॉर्डरचं इनपुट जळू शकतं.

आणि चाचणी केल्याशिवाय खरी टेप लावू नका. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी एक आरडब्ल्यू डिस्क यासाठीच ठेवा. टेपमधला सगळ्यात मोठा आवाज कुठे आहे तो शोधा. गाण्यात बहुधा टाळ्या किंवा द्रुतमधली तिहाई असते. तेवढीच दोन मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका.

८. कॅसेट दबकी, कांबळ्यातून आल्यासारखी ऐकू येते. रेकॉर्डरमध्ये सुधारता येईल का?

रेकॉर्डरमध्ये नाही, डेकमध्ये येईल. ज्या यंत्रावर ती कॅसेट भरली गेली, त्याच्या हेडचा कोन तुमच्या डेकच्या हेडशी जुळत नसेल, तर वरच्या पट्टीतला आवाज गिळला जातो. हेडच्या या कोनाला अॅझिमथ म्हणतात.

आधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडी तपकिरी निघेल. ती स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा, शेजारचा रबरी रोलरही. मग कॅसेट लावा आणि डेकच्या दाराचं प्लास्टिक काढा. हेडच्या दोन बाजूंना दोन छोटे स्क्रू दिसतील. ज्याच्याखाली स्प्रिंग आहे तो कोनाचा स्क्रू. त्याच्या आत्ताच्या जागेवर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा, म्हणजे परतीची खूण राहील. अँप्लिफायर मोनोवर टाका, ट्रेबल वाढवा, आणि टेप चालू असताना तो स्क्रू अगदी केसभर फिरवा. एका दिशेला आवाज आणखी बुडेल. दुसऱ्या दिशेला फिरवताना एका जागी तानपुरा अचानक उघडतो, ‘स’कार स्पष्ट होतात, मागे कोणी ‘वाह’ म्हटलेलं असेल तर तेही वेगळं कळतं. तिथे थांबा. ट्रेबल परत मध्यावर आणा आणि आता रेकॉर्ड करा. पुढच्या कॅसेटला पुन्हा ऐकून पाहावं लागेल, आणि सगळं संपलं की स्क्रू ठिपक्यावर परत आणायचा.

डेकवरच्या ‘डॉल्बी बी’च्या, म्हणजे टेपची सरसर कमी करणाऱ्या, बटणाचा डिस्कवरच्या डॉल्बी डिजिटलशी काही संबंध नाही. कॅसेट भरताना ते चालू असेल तरच वाजवताना चालू ठेवा. घरगुती टेपमध्ये बहुधा नसतंच.

९. सगळ्या रेकॉर्डिंगमागे घूंऽऽ असा आवाज येतो.

हा आपल्या विजेचा ५० हर्ट्झचा हम आहे. डेक, रेकॉर्डर आणि टीव्ही वेगवेगळ्या सॉकेटांवर असले की अर्थिंगच्या वाटेने तो शिरतो. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तरी राहिला तर सेट टॉप बॉक्सची किंवा केबल टीव्हीची अँटेना-वायर काढून पाहा. दोषी बरेचदा तीच निघते. ऑडिओ केबल लांब नको आणि ती चार्जरच्या शेजारून नेऊ नका. तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन मोडून हम घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे.

१०. एलपी आणि जुन्या ७८ च्या तबकड्या?

रेकॉर्ड प्लेअर सरळ जोडला तर आवाज अगदी क्षीण आणि कर्कश येईल. मध्ये फोनो प्रीअँप हवा, किंवा ‘फोनो’ इनपुट असलेला अँप्लिफायर. त्याच्या ‘टेप आउट’मधून रेकॉर्डरला द्या. ७८ साठी सुई वेगळी लागते, एलपीची सुई त्या खाचेत खूप बारीक पडते. बाकी प्रश्न ५ आणि ७ प्रमाणे.

११. व्हीएचएसवरचा आवाज इतका दबका का येतो?

साध्या व्हीसीआरमध्ये आवाज टेपच्या कडेला एका अरुंद पट्टीवर मोनोमध्ये भरला जातो आणि व्हीएचएसची टेप कॅसेटपेक्षाही हळू सरकते. त्यामुळे तो आवाज मुळातच मर्यादित आहे. हाय-फाय व्हीसीआरवर भरलेली टेप असेल तर तिच्यात चित्रासोबत तिरक्या रेघांत दुसरा, कितीतरी सरस आवाज दडलेला असतो. पण तो मिळवायला वाजवणारा व्हीसीआरही हाय-फायच लागतो.

मोनो व्हीसीआरला एकच ऑडिओ पिन असते. ती फक्त पांढऱ्यात घातलीत तर आवाज एकाच कानात येईल. एकाचे दोन करणारी वाय-केबल तापकीर गल्लीत सहज मिळते, ती वापरा.

१२. मिनी डीव्ही हँडीकॅमवरून घेताना एकच आवाज आला, नंतर डब केलेलं संगीत आलं नाही.

मिनी डीव्ही टेपवर आवाज दोन प्रकारे असतो. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ, एक स्टीरिओ जोडी. किंवा १२ बिट, ३२ किलोहर्ट्झ, दोन स्टीरिओ जोड्या. दुसऱ्या प्रकारात कॅमेऱ्याच्या माइकचा आवाज पहिल्या जोडीत आणि नंतर भरलेलं संगीत किंवा निवेदन दुसऱ्या जोडीत. रेकॉर्डरच्या पुढच्या डीव्ही इनपुटसाठी मेनूत ‘स्टीरिओ १’, ‘स्टीरिओ २’ किंवा ‘मिक्स’ अशी निवड असते. ती मिक्सवर न्या. नंतर दोन्ही वेगळे करता येणार नाहीत, म्हणून महत्त्वाची टेप असेल तर आधी नुसतं ‘स्टीरिओ १’ घेऊन एक डिस्क बाजूला ठेवा.

१३. दोन भाषांतला आवाज एकाच वेळी रेकॉर्ड होतो का?

डीव्हीडी-व्हिडिओ पद्धतीत नाही. रेकॉर्डिंगआधी मुख्य किंवा दुय्यम यांपैकी एक निवडावा लागतो. व्हीआर पद्धतीत, म्हणजे डीव्हीडी-रॅम किंवा त्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या आरडब्ल्यू डिस्कवर, दोन्ही राहतात. पीसीएम निवडलं असेल तर तिथेही एकच. सेट टॉप बॉक्सचा प्रश्न असेल तर भाषा बॉक्सवरच निवडायची असते. रेकॉर्डरपर्यंत एकच पोहोचते.

१४. ‘रेकॉर्डिंगला परवानगी नाही’ असा संदेश येतो. टेप तर घरचीच आहे!

विकत घेतलेल्या व्हीएचएसच्या चित्रात कॉपी रोखणारा सिग्नल असतो आणि रेकॉर्डर तो ओळखून थांबतो. ते यंत्राचं बरोबरच आहे. घरच्या टेपवर असं झालं तर टेप झिजलेली असते, चित्राचा सिग्नल डळमळतो आणि यंत्राला तोच कॉपी-रोधक वाटतो. व्हीसीआरचे हेड साफ करा, ट्रॅकिंग जुळवा, दुसऱ्या व्हीसीआरवर लावून पाहा. टाइम बेस करेक्टर, म्हणजे डळमळणारा सिग्नल स्थिर करणारं यंत्र, मिळाला तर उत्तमच. अशाच टेपमध्ये आवाज आणि ओठ हळूहळू एकमेकांपासून सुटतात. त्यावरही उपाय हाच.

कायद्याबद्दलही विचारतात. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापराला जागा आहे. घरी ऐकणं वेगळं, प्रती वाटणं किंवा नेटवर टाकणं वेगळं. घरगुती बैठकीच्या टेपवर गाणाऱ्याचाही हक्क असतो, म्हणून बाहेर देण्याआधी त्यांच्या घरच्यांना विचारावं. बहुतेक कुटुंबांना आनंदच होतो.

१५. डिस्क माझ्या रेकॉर्डरवर वाजते, भावाच्या प्लेअरवर वाजत नाही.

फायनलाइज करायचं, म्हणजे डिस्क इतर प्लेअरना वाचता येईल अशी बंद करायचं, राहिलं आहे. डिस्क मेनूत जाऊन ते करा, काही मिनिटं लागतात. एकदा केल्यावर आर, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या, डिस्कवर पुढे काही भरता येत नाही. व्हीआर पद्धतीची डिस्क फायनलाइज करूनही सगळ्या प्लेअरवर चालतेच असं नाही, त्यामुळे कोणाला द्यायची असेल तर सुरुवातीलाच व्हिडिओ पद्धत निवडा.

१६. डिस्कवरचा आवाज कॉम्प्युटरवर कसा काढू? गाडीत ऐकायची सीडी करायची आहे.

डिस्कवर व्हिडिओ टीएस नावाच्या फोल्डरमध्ये व्हीओबी फाइली दिसतील, प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबीच्या. एक तासाचं रेकॉर्डिंग म्हणून अनेक फाइलींत तुटलेलं असतं. ते सुट्या फाइलींनी उघडू नका, सांध्यावर आवाज अडखळतो. संपूर्ण टायटल एकत्र घ्या. एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरने आवाजाचा ट्रॅक पुन्हा न दाबता जसाच्या तसा वेगळा काढता येतो. त्यानंतर ऑडॅसिटीत तुकडे आणि साफसफाई. सीडीसाठी ४८ चं ४४.१ किलोहर्ट्झ करावं लागेल, ते सगळ्यात शेवटी, एकदाच करा. आणि मूळ ४८ ची फाइल ठेवूनच द्या.

१७. यासाठी आता डीव्हीडी रेकॉर्डर विकत घ्यावा का?

फक्त कॅसेट उतरवायच्या असतील तर नको. लाइन इनपुट असलेलं एखादं यूएसबी ऑडिओ कार्ड आणि लॅपटॉप, एवढ्यात मीटर मिळतो, लेव्हल मिळते, वेळेची मर्यादा नाही. व्हीएचएसही असतील तर रेकॉर्डरला अजून अर्थ आहे, कारण चित्र आणि आवाज दोन्ही तो फारशी कुरबूर न करता घेतो. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी कधीकधी दिसतो. तिथून घेताना ट्रे उघडतो एवढ्यावर भागवू नका. डिस्क लिहिणारं लेझर सगळ्यात आधी जातं, म्हणून कोरी डिस्क घेऊन जा आणि लिहून, फायनलाइज करून दाखवायला सांगा.

१८. डिस्क किती वर्षं टिकेल?

कंपनी, साठवण आणि नशीब यांवर आहे. लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, तो ऊन आणि उष्णतेने खराब होतो. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतींना लागून असलेल्या कपाटात ओल धरते, तिथे नको. वर कागदी लेबल चिकटवू नका, डिस्क तोल सोडून फिरते. डिस्कसाठीच्या मऊ मार्करने लिहा. एक प्रत हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी ठेवा. मूळ कॅसेट टाकू नका. उद्या याहून चांगला डेक हाती लागला तर तिच्यातून आणखी काही निघेल.

१९. रेकॉर्डिंग चालू असताना लाईट गेली तर?

आर डिस्कवर चाललं असेल तर ते टायटल बहुधा गेलं, कारण सूची थांबवल्यावर लिहिली जाते. काही यंत्रं लाईट आल्यावर डिस्क दुरुस्त करू पाहतात. त्या वेळी ट्रे उघडू नका, बटणं दाबू नका, यंत्राला त्याचं काम करू द्या. कॅसेट डेकमध्ये टेप हेडला चिकटून थांबलेली असते, ती आधी सोडवा, नाहीतर रोलरचा वळ पडतो. पावसाळ्यात काम करणार असाल तर डेक आणि रेकॉर्डर दोन्ही कॉम्प्युटरच्या यूपीएसवर घ्या. फक्त रेकॉर्डर घेतलात तर टेप थांबेल आणि डिस्कवर शांतता भरली जाईल.